विंडोज १० चे अपडेट थांबले: पतसंस्थेच्या बारा संगणकांसाठी विंडोज ११, मॅक की लिनक्स?

सचिव, पतसंस्था, पंचवटी

नमस्कार. मी नाशिकमधील एका नागरी सहकारी पतसंस्थेचे सचिवपद सांभाळतो. आमचे मुख्य कार्यालय पंचवटीत असून एक शाखा सिन्नरला आहे. दोन्हीकडे मिळून बारा संगणक आहेत आणि सर्वांवर विंडोज १० आहे. त्यांपैकी तीन संगणक २०२१ मध्ये घेतलेले, म्हणजे इंटेलच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरचे आहेत, सात संगणक सहाव्या पिढीचे आहेत आणि उरलेले दोन त्याहूनही जुने आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट बंद केले. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक असल्यामुळे आमचे नऊ संगणक त्यात बसत नाहीत. आमच्या पुरवठादाराने नऊ नव्या संगणकांचे, विंडोज ११ प्रोच्या परवान्यासह, प्रत्येकी ४६,००० रुपयांप्रमाणे ४,१४,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा परवाना त्यात धरलेला नाही.

संचालक मंडळाच्या बैठकीत यावर तीन मते पडली. एका संचालकांचे म्हणणे असे की संगणक व्यवस्थित चालू आहेत, तेव्हा मार्चअखेर होईपर्यंत काहीही बदलू नये. दुसऱ्यांच्या मते विंडोजऐवजी बसवता येणारी लिनक्स ही प्रणाली फुकट आहे आणि त्याला व्हायरस लागत नाही, म्हणून सर्व संगणकांवर तेच टाकावे. तिसऱ्यांनी सुचवले की एकदाच खर्च करून अ‍ॅपलचे मॅक संगणक घ्यावेत, म्हणजे पुढील दहा वर्षे सुरक्षिततेची चिंता उरणार नाही. अंतिम टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी तांत्रिक क्षेत्रातला नाही, परंतु सभासदांच्या ठेवींची आणि त्यांच्या आधार-पॅनच्या नोंदींची जबाबदारी आमच्यावर आहे, त्यामुळे केवळ खरेदीची किंमत पाहून निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही. तिन्ही प्रणालींचा खर्च आणि सुरक्षितता यांची तुलना अनुभवी मंडळींनी करून द्यावी, ही विनंती.

देखभाल तंत्रज्ञ, सातपूर

नमस्कार सचिव साहेब. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांच्या आणि काही पतसंस्थांच्या संगणकांची देखभाल मी करतो, त्यामुळे हाच प्रश्न सध्या माझ्यासमोर जवळपास रोज येत आहे.

सर्वप्रथम "चालू आहे तोवर चालू द्या" या मताविषयी लिहितो, कारण तोच मार्ग सर्वांत स्वस्त वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत महाग पडू शकतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी पैसे मागणारा प्रोग्राम, जगभर पसरला. विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो आत शिरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेली होती. बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते, म्हणजे त्या वेळी ज्याला अपडेट मिळत होते तीच प्रणाली, फक्त ते अपडेट कोणी बसवलेले नव्हते. दुरुस्ती उपलब्ध असताना ही अवस्था झाली. आपल्या नऊ संगणकांसाठी तर आता दुरुस्ती येणेच बंद झाले आहे आणि विंडोज ११ मध्ये दर महिन्याला बुजवल्या जाणाऱ्या त्रुटींपैकी अनेक त्रुटी जुन्या आवृत्तीतही असतात. दुरुस्ती जाहीर झाली की नेमके कुठे छिद्र होते हे हल्लेखोरालाही कळते, हा भाग लोक लक्षात घेत नाहीत.

मायक्रोसॉफ्ट विंडोज १० साठी पैसे घेऊन वाढीव सुरक्षा अपडेट देते. घरगुती वापरासाठीची सवलतीची योजना वेगळी आहे आणि ती आपल्यासारख्या संस्थेला लागू होत नाही. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. म्हणजे ६१, १२२ आणि २४४ मिळून ४२७ डॉलर झाले. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तरी एका संगणकामागे ३६,२९५ रुपये, तेही कर सोडून, आणि एवढे भरूनही हातात राहणार तोच जुना संगणक. शिवाय दुसऱ्या वर्षी या योजनेत शिरले तरी पहिल्या वर्षाचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे तीन वर्षे हा मार्ग धरू नका. मात्र मार्चअखेरच्या धावपळीत बदल नको असतील, तर ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे पहिले वर्ष विकत घेऊन तेवढी सवड मिळवणे व्यवहार्य आहे आणि त्याचा खर्च संगणकामागे सुमारे ५,२०० रुपये येतो.

काही दुकानांत जुन्या संगणकावर विंडोज ११ "बसवून देतो" असे सांगतात. आवश्यकतेची तपासणी टाळून ते बसवता येते हे खरे आहे, पण अशा संगणकांना अपडेट मिळत राहतील याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेले आहे. ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्याचीच खात्री नसेल तर त्या मार्गाने जाऊ नये. पाचशे रुपयांत मिळणाऱ्या परवान्याच्या "की" बाबतही तेच म्हणेन. त्या बहुतेक वेळा मोठ्या कंपन्यांच्या सामूहिक परवान्यातून फुटलेल्या असतात आणि कधीही रद्द होऊ शकतात. परवाना नसलेले विंडोज चालू करण्यासाठी जे छोटे प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून फिरतात, ते चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. ज्या कार्यालयात दुसऱ्यांचे पैसे मोजले जातात तेथे ही गोष्ट घडता कामा नये.

लिनक्सच्या खर्चाविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परवान्याचे शुल्क शून्य आहे, पण नाशिकमध्ये विंडोज जाणणारा मुलगा कुठल्याही गल्लीत मिळतो आणि लिनक्स नीट जाणणारा शोधावा लागतो. वार्षिक देखभालीचा करार करताना हा फरक दरात दिसतो. त्याउलट, लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर उत्तम चालतो, हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान अशी एसएसडी बसवली आणि रॅम आठ जीबी केली की कर्मचाऱ्यांना संगणक नवा घेतल्यासारखा वाटतो. मिंटच्या बावीसाव्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आता मला आपल्याकडून एक माहिती हवी आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे बोलणे अर्धवट राहील. आपले हिशोबाचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडते की प्रत्येक संगणकावर बसवलेले आहे? पासबुक कोणत्या प्रिंटरवर छापले जाते? पिग्मी एजंटांच्या यंत्रातील नोंदी संगणकात कशा उतरवता?

शिक्षिका, नाशिक रोड

आमच्या शाळेची संगणक प्रयोगशाळा आम्ही लिनक्सवर नेली, त्या अनुभवावरून लिहिते आहे.

लिनक्स कार्यालयात चालत नाही, अशी समजूत असेल तर केरळचे उदाहरण पाहावे. तेथील सरकारी शाळांमधील दोन लाखांहून अधिक संगणकांवर उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर आधारित प्रणाली वापरली जाते. या निर्णयामुळे ३,००० कोटी रुपये वाचल्याचे तेथील यंत्रणेने २०१९ मध्ये सांगितले होते. हा आकडा मात्र जपून वापरावा, असे मला वाटते, कारण तो एका संगणकामागे सर्व प्रकारच्या खाजगी सॉफ्टवेअरचे दीड लाख रुपये धरून काढलेला आहे आणि एवढी खरेदी कोणत्याही शाळेने प्रत्यक्षात केली नसती. तरीही बचत मोठी आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केरळने पैसे वाचवण्यावर न थांबता हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिले, म्हणून तो प्रयोग टिकला.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही टिपणात घ्यावे. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार संगणक त्यावर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरवले. तेथे प्रणाली कोलमडली नव्हती. इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण, काही विशिष्ट कामांसाठी केवळ विंडोजवर चालणारे प्रोग्राम आणि बदललेले राजकीय नेतृत्व, अशी कारणे एकत्र आली. आपल्या संचालक मंडळाची मुदत संपून नवे मंडळ आले तर हा निर्णय टिकेल का, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक प्रश्नाइतकाच खरा आहे.

आमच्याकडे सर्वाधिक वेळ मराठीने घेतला. जुनी परिपत्रके, प्रमाणपत्रांचे नमुने आणि अहवाल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होते. युनिकोड नसलेला हा मजकूर लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी वापरल्या जाणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, उघडला की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. फॉन्ट बसवल्यास तो वाचता येतो, परंतु त्यात टंकलेखन करण्याची सोय विंडोजवरच्या त्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. आम्ही नेहमी लागणारे नमुने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतले आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांत तेल घालून तपासले, कारण रूपांतरात चुका याच ठिकाणी होतात. आपल्या वार्षिक सभेच्या नोटिसा, कर्जरोखे, जामीनदारांची पत्रे कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, ते आधी पाहून ठेवावे. इनस्क्रिप्ट कळफलक मात्र तिन्ही प्रणालींमध्ये सारखाच मिळतो, त्यामुळे ज्यांना तो येतो त्यांना काहीही नव्याने शिकावे लागत नाही.

"लिनक्सला व्हायरस लागत नाही" हे वाक्य टिपणात लिहू नये, ही विनंती. मी स्वतः लिनक्सची समर्थक आहे आणि म्हणूनच हे सांगते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन डाउनलोडचा दुवा बदलला गेला आणि त्या दिवशी ज्यांनी तो वापरला, त्यांना हल्लेखोराला गुपचूप आत शिरू देणारी चोरवाट असलेली प्रत मिळाली. म्हणून प्रणाली उतरवून घेतल्यावर तिची पडताळणी बेरीज (चेकसम), म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला आहे का हे दाखवणारा संकेतांक, अधिकृत संकेतांकाशी जुळते का हे पाहिल्याशिवाय ती बसवू नये. हे काम काही मिनिटांचे आहे आणि तरी बहुतेक जण ते टाळतात.

लेखापरीक्षक, गंगापूर रोड

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम मी अनेक वर्षे करत आहे. वरील चर्चा उपयुक्त आहे, परंतु सुरक्षिततेचा विचार केवळ "कोणती प्रणाली अभेद्य" अशा प्रकारे होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तिन्ही प्रणालींमध्ये गंभीर त्रुटी सापडलेल्या आहेत. विंडोजचे उदाहरण वर आलेच आहे. मॅकच्या बाबतीत, २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने जावा या सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून सहा लाखांहून अधिक मॅक संगणक बाधित केले होते, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तर मॅकच्या हाय सिएरा या आवृत्तीत वापरकर्त्याचे नाव "रूट" लिहून पासवर्डची जागा रिकामी ठेवली तरी संपूर्ण अधिकार मिळत असल्याचे उघड झाले. अ‍ॅपलने त्याची दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी दिली. लिनक्समध्ये २००९ पासून दडून असलेली एक त्रुटी जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाली, जिच्यामुळे साध्या वापरकर्त्याला संगणकाचे पूर्ण अधिकार मिळवता येत होते. मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण तर अधिक विचार करायला लावणारे आहे. एका व्यक्तीने मुक्त सॉफ्टवेअरच्या एक्सझेड नावाच्या एका लहानशा प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केला आणि मग त्यात चोरवाट बसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले आणि त्याचा माग काढताना ते उघडकीस आले. सुदैवाने ती प्रत स्थिर आवृत्त्यांमध्ये पोहोचलेली नव्हती. यावरून संस्थांनी इतके तरी घ्यावे की कार्यालयात कायम दीर्घ मुदतीची, स्थिर आवृत्तीच बसवावी. नवीन आवृत्तीचा उत्साह घरच्या संगणकासाठी ठेवावा.

तपासणीला गेल्यावर मी प्रणालीच्या नावाआधी इतर गोष्टी पाहतो. काउंटरवरील लिपिकाचे लॉगिन प्रशासकीय अधिकारांचे आहे का? सर्वांचा पासवर्ड एकच असून तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे का? बॅकअपची डिस्क वर्षभर त्याच संगणकाला जोडून ठेवलेली आहे का? खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो, त्यामुळे असा बॅकअप असून नसल्यासारखा असतो. बॅकअपची एक प्रत रोज काढून दुसऱ्या इमारतीत, शक्यतो शाखेच्या तिजोरीत जायला हवी आणि ती प्रत खरोखर उघडते का, हे तिमाहीतून एकदा तरी तपासायला हवे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला सायबर हल्ला आपल्या क्षेत्रातील सर्वांना आठवत असेल. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला एटीएमच्या व्यवहारांची यंत्रणा लक्ष्य करून केलेला होता, टेबलावरच्या संगणकाची प्रणाली बदलून तो टळला असता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या घटनेनंतरही अनेक पतसंस्थांमध्ये अतिथींचे वायफाय आणि हिशोबाचे संगणक एकाच जाळ्यावर दिसतात, याचे मला मनापासून दुःख होते. पतसंस्थेतील ठेवींना बँकांप्रमाणे ठेव विम्याचे संरक्षण नसते. संस्थेचे नुकसान थेट सभासदाच्या दारात येते.

कायद्याची बाजूही टिपणात असावी. परवान्याविना सॉफ्टवेअर जाणीवपूर्वक वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार गुन्हा असून त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. ज्या प्रणालीचे अपडेट बंद झाल्याचे जाहीर आहे, तीवर सभासदांची माहिती ठेवणे ही "पुरेशी सुरक्षा" कशी, याचे उत्तर संचालक मंडळाला द्यावे लागेल. ते उत्तर माझ्याकडे तरी नाही.

मांडणीकार, मेन रोड

मॅकविषयी थोडक्यात लिहितो, कारण आमच्या छपाईच्या मांडणीचे काम मी मॅकवरच करतो आणि त्यावर समाधानी आहे.

अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम ४ प्रोसेसरचा मॅक मिनी २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांना बाजारात आला. त्यात मॉनिटर, कळफलक आणि माउस नसतात, आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. प्रणालीचे अपडेट विनामूल्य असतात, संपूर्ण डिस्क सांकेतिक (एन्क्रिप्ट) करण्याची, म्हणजे पासवर्डशिवाय तिच्यावरील माहिती वाचता येऊ नये अशी, सोय आत असते आणि यंत्र टिकाऊ आहे, हे सारे मान्य. परंतु "दहा वर्षे चिंता नाही" हे संचालकांचे विधान बरोबर नाही. अ‍ॅपल साधारणपणे चालू आणि त्याआधीच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट देते, मात्र मायक्रोसॉफ्टसारखी आवृत्तीनिहाय अंतिम तारीख आधी जाहीर करत नाही. इंटेल प्रोसेसरचे मॅक वापरणाऱ्यांना २०२५ ची टाहो ही आपली शेवटची आवृत्ती असल्याचे त्याच वर्षी कळले. त्यांतील काही यंत्रे पाच-सहा वर्षांपूर्वीच घेतलेली आहेत.

आपले पिग्मीचे आणि पासबुकचे सॉफ्टवेअर मॅकवर चालणार नाही, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. मग मॅकच्या आत विंडोज चालवण्यासाठी वेगळा प्रोग्राम आणि विंडोजचा वेगळा परवाना घ्यावा लागेल, म्हणजे खर्चही दुहेरी आणि सांभाळायच्या प्रणालीही दोन. पतसंस्थेच्या काउंटरसाठी मी मॅक सुचवणार नाही.

सचिव, पतसंस्था, पंचवटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सातपूरच्या तंत्रज्ञांनी विचारलेली माहिती पुरवठादाराकडून घेतली, ती देतो.

हिशोबाचे सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या सर्व्हरवर असून आम्ही ते ब्राउझरमध्ये उघडतो. पासबुक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापले जाते आणि त्यासाठी पुरवठादाराचा एक छोटा प्रोग्राम लागतो, जो फक्त विंडोजवर चालतो. पिग्मी एजंट सायंकाळी यंत्र आणून देतात व केबलने नोंदी उतरवल्या जातात, तेही विंडोजवरच. मुख्य कार्यालयात पासबुकचे दोन काउंटर आणि पिग्मीचा एक संगणक आहे. सिन्नरला पासबुक आणि पिग्मी दोन्ही एकाच संगणकावर होते. बाकीच्या टेबलांवर ब्राउझर, पत्रव्यवहार आणि एक्सेलचे तक्ते एवढेच काम चालते. २०२१ चे तीन संगणक सध्या अध्यक्ष, व्यवस्थापक आणि माझ्या केबिनमध्ये आहेत. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पाहिले असता वार्षिक सभेची नोटीस आणि कर्जरोख्याचे नमुने जुन्या फॉन्टमध्येच निघाले.

देखभाल तंत्रज्ञ, सातपूर

आपण दिलेल्या माहितीमुळे चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. विंडोज ज्यांना खरोखर लागते असे संगणक केवळ चार आहेत, आणि विंडोज ११ चालवू शकणारे तीन संगणक आपल्याकडे आधीच आहेत, फक्त ते केबिनमध्ये आहेत. हे मी अनेक संस्थांमध्ये पाहतो: नवे यंत्र केबिनमध्ये जाते आणि ज्या काउंटरवर दिवसभर व्यवहार होतात तेथे सर्वांत जुने यंत्र राहते. ते तीन संगणक विंडोज ११ वर नेऊन मुख्य कार्यालयातील पासबुकच्या दोन काउंटरवर आणि पिग्मीच्या टेबलावर ठेवा. या बदलाला परवान्याचे शुल्क पडत नाही, कारण विंडोज १० चा अधिकृत परवाना असलेल्या पात्र संगणकाला विंडोज ११ विनामूल्य मिळते. सिन्नरसाठी एकच नवा संगणक घ्या.

सहाव्या पिढीच्या सात संगणकांवर लिनक्स मिंट बसवा. एसएसडी आणि रॅमचे भाव सध्या स्थिर नाहीत, तरी प्रत्येकी ५,००० रुपये धरून ३५,००० होतील. सिन्नरचा नवा संगणक ४६,००० चा. मिळून ८१,००० रुपये, म्हणजे ४,१४,००० च्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. उरलेल्या रकमेतून कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, लिनक्स जाणणाऱ्या व्यक्तीशी देखभालीचा करार, बॅकअपच्या दोन डिस्क आणि काउंटरच्या संगणकांना चांगले यूपीएस घ्या. दोन जुने संगणक सेवेतून काढून टाकावेत, ते वाचवण्यात अर्थ नाही.

अध्यक्षांच्या केबिनमधून नवा संगणक काढणे अवघड वाटेल, हे मी समजू शकतो. पण केबिनमध्ये अहवाल वाचण्याचे आणि पत्रांवर नजर टाकण्याचेच काम असते, आणि ते एसएसडी बसवलेल्या लिनक्सच्या संगणकावर विनासायास होते. प्रमुखांच्याच टेबलावर लिनक्स आले की कर्मचाऱ्यांची कुरकुरही कमी होते. एक गोष्ट मात्र आधी तपासा. केबिनमधील कोणी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरून विवरणपत्रे दाखल करत असेल, तर ते टोकन आणि त्या शासकीय संकेतस्थळाचे स्वाक्षरीचे साधन लिनक्सवर चालते का, हे प्रत्यक्ष स्वाक्षरी करून पाहा. चालले नाही तर ते काम सरळ विंडोजच्या चार संगणकांपैकी एकावर न्या.

क्रम असा ठेवावा. मार्चअखेर होईपर्यंत फक्त केबिन आणि काउंटरची अदलाबदल करून विंडोज ११ चे अपडेट करून घ्या, तेवढ्याने सर्वांत मोठा धोका कमी होतो. लिनक्स आधी पत्रव्यवहाराच्या एकाच टेबलावर बसवा आणि एक पूर्ण महिना तेथे काम होऊ द्या, कारण व्याजआकारणी, महिनाअखेरचे तक्ते आणि प्रिंटरच्या अडचणी पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत. एक्सेलच्या तक्त्यांमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, असतील तर ते लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतीलच असे नाही, त्यांची यादी करून ठेवा. या दरम्यान बाकीचे जुने संगणक इंटरनेटवर राहणार असतील, तर त्यांच्यासाठी वाढीव अपडेटचे पहिले वर्ष घ्या. सहा संगणकांचे सुमारे ३१,००० रुपये होतात. मी स्वतः हे पैसे खर्च करीन. मंडळ त्यास तयार नसेल तर त्या संगणकांवर हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या पत्त्याखेरीज काहीही उघडणार नाही, अशी व्यवस्था राउटरमध्ये करून घ्या आणि पेन ड्राइव्ह पूर्ण बंद करा.

लेखापरीक्षक, गंगापूर रोड

वरील योजनेशी मी सहमत आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. चार विंडोज आणि सात लिनक्स असे मिश्रण झाले की दोन्हीकडच्या अपडेटवर लक्ष ठेवणारी एक नेमून दिलेली व्यक्ती हवी, अन्यथा विंडोजवाला लिनक्सकडे आणि लिनक्सवाला विंडोजकडे बोट दाखवतो. संचालक मंडळाने ठरावात त्या कर्मचाऱ्याचे पदनाम लिहावे आणि दर महिन्याला प्रत्येक संगणकावर शेवटचे अपडेट कधी झाले, याची नोंदवही त्याच्याकडून सहीसह घ्यावी. अशी व्यक्ती नेमणे शक्य नसेल, तर थोडा अधिक खर्च सोसून सर्वत्र विंडोज ११ ठेवणे मी पसंत करीन.

सेवेतून काढलेल्या दोन संगणकांच्या आणि बदललेल्या सात संगणकांच्या हार्ड डिस्क भंगारात देऊ नका. त्यांवर सभासदांचे आधार, पॅन आणि सह्यांचे नमुने असतात, आणि नुसते डिलीट किंवा फॉरमॅट केल्याने ते जात नाहीत. संपूर्ण डिस्क पुन्हा लिहून पुसावी किंवा तंत्रज्ञांसमोर यंत्राने छिद्रे पाडून ती निकामी करावी आणि प्रत्येक डिस्कचा क्रमांक इतिवृत्तात नोंदवावा. नव्या संगणकांवर, विंडोज असो वा लिनक्स, डिस्क सांकेतिक करून घ्यावी. अडचण आल्यास ती पुन्हा उघडण्यासाठी लागणारा संकेतांक कागदावर छापून, लखोटा मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावा आणि तिजोरीच्या नोंदवहीत तो चढवावा.